कानातला रायगड

आमच्या सव गावात सावित्रीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. अंगदुखी घेऊन माणसे येतात, पाण्यात पाय सोडून बसतात आणि पाय जरा शेकले, की हटकून विचारतात, "हे पाणी गरम कशानं?" या प्रश्नाची गावात दोन उत्तरे आहेत. एक शाळेचे आणि एक आजीचे. शाळेचे उत्तर असे, की पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. कोकणात अशा झऱ्यांची एक रांगच आहे. आजीचे उत्तर मात्र लांबलचक असे. त्यात देव असे, शाप असे, आणि ते सांगताना तिचा आवाज असा काही खाली येई, की ऐकणाराने पाण्यातले पाय हळूच वर घ्यावेत!

मी शाळेत शिकवते आणि कादंबऱ्याही लिहिते. म्हणजे दोन्ही उत्तरांची मी चाकर. दिवसा शाळेची बाजू, रात्री आजीची. इतकी वर्षे दोघी आपापल्या खोलीत सुखाने नांदत होत्या. रायगडाने त्यांना एका खोलीत आणून भांडायला लावले.

झाले ते असे. माझा भाचा पुण्याला संगणकाचे काम करतो. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांत आपला रायगड आला. त्यानंतरच्या सुट्टीत हा गृहस्थ घरी आला तोच एक कल्पना घेऊन. "आत्या, आता माणसं वाढणार. प्रत्येकाला माहीतगार कुठून मिळायचा? तू बोल, मी रेकॉर्ड करतो. माणसानं फोन खिशात टाकावा, कानात बोंडं घालावीत आणि गड चढावा. जिथं जाईल तिथली हकिगत आपोआप कानात!"

अशी सोय दूरदेशी पुष्कळ जुनी आहे, हेही त्यानेच सांगितले. 1952 साली अॅमस्टरडॅमच्या एका संग्रहालयात लोकांच्या हाती छोटी यंत्रे दिली होती म्हणे. संग्रहालय आपल्या आत पुरताच आकाशवाणीसारखा आवाज सोडी आणि प्रत्येकाच्या कानात तो एकदमच येई. त्यामुळे सारेजण एका चित्रापुढे एकदम थांबत आणि एकदम पुढे सरकत. मला त्या चित्रापुढे माना वळवणाऱ्या मंडळींचे हसू आले. पण आपल्या शाळेच्या सहली तरी दुसरे काय करतात?

मी होकार दिला. खरे सांगायचे तर हुरळलेच. वीस वर्षे मुलांना गडावर नेते आहे. कुठे काय सांगायचे ते तोंडपाठ. आता तो आवाज कुणाच्या कुणाच्या कानात जाणार! दोन संध्याकाळी बसून मी अठरा मुक्कामांची अठरा टिपणे लिहिली. चित दरवाजा, खुबलढा बुरूज, महादरवाजा, हत्ती तलाव, गंगासागर, तिथले दोन मनोरे, राणीवसा, राजसभा, नगारखाना, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर, समाधी, टकमक टोक, हिरकणी बुरूज… यादी करतानाच दम लागला.

पहिली अडचण आली ती अगदीच व्यवहाराची. गडाला आता दोन सुरुवाती आहेत. एक पायऱ्यांची. चित दरवाजापासून दीड हजाराच्या घरात पायऱ्या चढाव्यात तेव्हा महादरवाजा येतो, आणि तोही दोन बुरुजांच्या आडोशाला असा बसवला आहे, की अगदी जवळ जाईतो दिसत नाही. दुसरी सुरुवात रोपवेची, 1996 सालापासूनची. हिरकणीवाडीत पाळण्यात बसावे आणि चार-पाच मिनिटांत वर. पाळण्यातून उतरलेला माणूस मेणा दरवाजाने थेट राणीवशात शिरतो. माझ्या आवाजाने त्याला तिथे महादरवाजाचे बुरूज दाखवले तर तो बापडा कुठे शोधणार? भाच्याने दोन वाटांच्या दोन फिती केल्या. ते करताना एक गंमत माझ्या ध्यानात आली. होळीच्या माळावरून नगारखान्याखालून राजसभेत येणारा माणूस फिर्यादीसारखा समोरून येतो. पाळण्यातून आलेला मात्र राजघराण्यातल्यासारखा सिंहासनाच्या मागल्या अंगाने येतो. एवढी बढती चार मिनिटांत आजवर कुणाला मिळाली नसेल!

दुसरी अडचण संगीताची. भाच्याला प्रत्येक वाक्याच्या मागे तुतारी हवी होती. मी म्हटले, गडावर वारा आहे तेवढा पुरे. तो हिरमुसला. पण समाधीच्या तुकड्यात तरी मी त्याचे काही चालू दिले नाही. तिथे मी एवढेच सांगितले आहे, की 3 एप्रिल 1680 रोजी महाराज याच गडावर गेले. पुढे समाधीची आबाळ झाली, महात्मा फुल्यांपासून लोकमान्यांपर्यंत अनेकांनी तिच्याकडे लोकांचे लक्ष वेधले, आणि 1926 साली तिचा जीर्णोद्धार झाला. त्यावर तुतारी कशाला?

तिसऱ्या अडचणीने मात्र झोप उडवली.

रेकॉर्डिंग सुरू झाले. हिरकणी बुरुजापाशी मी माझ्या नेहमीच्या सुरात सुरुवात केली. कोजागिरीची रात्र, दूध घालायला आलेली गवळण, मिटलेले दरवाजे, खाली घरी तान्हे बाळ, आणि ती आई रात्रीच्या अंधारात कडा उतरते. सांगता सांगता माझा गळा दाटून आला. दरवर्षी येतो. भाचा खूश! आणि माझी भाची, म्हणजे त्याची धाकटी बहीण, सातवीतली, कोपऱ्यात पेरू खात बसली होती, तिने विचारले, "आत्या, हे कुणी लिहून ठेवलंय?"

वर्गात हा प्रश्न मला कितीदा आला असेल. वर्गात मी हसते आणि म्हणते, "लिहून ठेवलेलं नाही ग, लोकांनी सांगत ठेवलंय." मुले समजतात. कुणी आणखी विचारते, कुणी वाद घालते, आणि त्या गलक्यात गोष्टीचे खरे-खोटे आपोआप पाखडले जाते. पण फितीतला आवाज हसत नाही. त्याच्यापुढे हात वर करता येत नाही. तो कानाच्या आत, थेट मेंदूला टेकून बोलतो, आणि माणूस एकटा असतो, चढून दमलेला असतो, समोर ढासळलेली भिंत असते. त्या घटकेला कानात जे पडेल ते त्याला शिलालेखासारखे वाटणार. कादंबरीत मी बिनदिक्कत खोटे लिहिते, पण तिथे मुखपृष्ठावर 'कादंबरी' असे छापलेले असते. इथे मुखपृष्ठ कुठले?

मी अठराच्या अठरा टिपणे पुन्हा काढली. शाळेच्या कपाटातले आवळसकरांचे 'रायगडची जीवनकथा' घरी आणले आणि तांबड्या पेन्सिलीने स्वतःचीच वही तपासायला बसले. विद्यार्थिनी फार हुशार निघाली नाही, हे कबूल करते.

हत्तींचीच गोष्ट घ्या. एवढ्या उंच डोंगरावर हत्ती कसले, ही कुणाची तरी थाप असणार, असे मला मनातून वाटे. पण 1674 सालच्या राज्याभिषेकाला मुंबईहून हेन्री ऑक्झेंडन नावाचा इंग्रज वकील आला होता. त्याने वाड्याच्या दरवाजाशी उभे असलेले दोन लहान हत्ती पाहिले, आणि ही जनावरे इथवर आली कशी, याचे आश्चर्य लिहून ठेवले. म्हणजे हत्ती खरे! पिले असतानाच त्यांना वर आणले आणि ती वरच वाढली, हे मात्र लोक सांगतात. उलट बाजारपेठ. दोन्ही अंगांना 22-22 दुकानांची ओळ, जोती उंच. घोडेस्वारांना खाली न उतरता सौदा करता यावा म्हणून ती उंच, हे वाक्य मी वीस वर्षे शपथेवर सांगत आले. शपथ कुणाच्या जोरावर घेतली होती कोण जाणे. जगदीश्वराच्या पायरीवरचे हिरोजीचे नाव दगडातच आहे, तिथे प्रश्न नाही. समाधीसमोरचे वाघ्या कुत्र्याचे स्मारक 1936 सालचे. त्या कुत्र्याने चितेत उडी घेतली, याला त्या काळच्या कागदात आधार सापडत नाही. 2012 साली तो पुतळा एका रात्रीत हलवला गेला आणि पुन्हा बसवलाही गेला, इतकी त्यावरून माणसे तापली. या तुकड्यावर माझी तांबडी पेन्सिल सगळ्यात जास्त झिजली.

आणि हिरकणी. तिच्यावर मी सरळ फुली मारली. आता मी अगदी शाळेची झाले होते. तारीख, साल, कागद. 6 जून 1674 राज्याभिषेक. 17 जूनला खाली पाचाडात जिजाबाईंचा अंत. 1689 साली गड मोगलांकडे. 10 मे 1818 रोजी तोफांच्या माऱ्यानंतर आणि आगीत वाडे जळल्यावर गड इंग्रजांच्या ताब्यात. सारे चोख. आवाजही मी चोख ठेवला, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा.

थंडीत एका रविवारी आम्ही तिघे ती फीत तपासायला गडावर गेलो. पायऱ्यांच्या वाटेने. आपलाच आवाज आपल्या कानात घेऊन डोंगर चढणे हा फारच चमत्कारिक प्रकार आहे. मी धापा टाकत होते आणि कानातली मी जराही न दमता बोलत होते. तिचा मला रागच आला. खुबलढ्यापाशी मी ताकवालीकडे टेकले, तर ही बाई महादरवाजाच्या बांधणीवर! थांबवायला बटण होते. पण हातात ताकाचा पेला, डोळ्यांवर घाम आणि फोन पिशवीच्या तळाशी. ताकवाली काहीतरी विचारत होती, ते तिने दोनदा विचारल्यावर मला ऐकू आले. "कुटल्या गावच्या वो?" एवढेच ती विचारत होती.

होळीच्या माळावर एक ओळखीचे वाटाडे भेटले. जवळच्याच वाडीचे, पन्नाशी ओलांडलेले, हातात वेताची काठी. माझ्या कितीतरी सहली त्यांनी फिरवल्या आहेत. भाच्याने उत्साहाने त्यांच्या कानात बोंडे घातली. ते माळावरच्या दगडावर बसले आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मला परीक्षेच्या निकालाला उभे राहिल्यासारखे झाले. त्यांच्या पोटावर पाय आणणारी वस्तू आपण त्यांच्याच कानात घातली आहे, हेही तेव्हाच उमजले. आधी कसे सुचले नाही?

त्यांनी बोंडे काढून पुसली, भाच्याच्या हातात दिली.

"बाई, बोलताय झकास. समदं बराबर हाय."

"पण?"

"हिरकणी न्हाई त्यात."

मी कागद, पुरावा, आधार वगैरे समजावू लागले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ते मला ठावं हाय बाई. मी बी लोकास्नी सांगतो, कागद न्हाई म्हणून. पर इथं बायामाणसं येतात, ती तारीख न्हाई इचारत. ती कड्याशी जातात, वाकून बघतात आन् इचारतात, तिनं पाय कुठं दिला आसंल? तुमी त्यास्नी कड्यापाशी नेऊन मुकाट बशिवलं." आणि जरा थांबून, "आन् दुसरं. तुमी थांबतच न्हाई. मानूस बघणार कधी?"

मी त्यांना विचारले, या यंत्राने तुमचे नुकसान होईल का? ते म्हणाले, "व्हईल की." त्यात राग नव्हता. पाऊस येईल का, याला उत्तर द्यावे तसे ते बोलले. त्या 'व्हईल की'ने मला जितके टोचले तितके कशानेच टोचले नसेल.

घरी येऊन आम्ही सारी फीत मोडली. हिरकणी परत आली, पण तिच्या आधी एक शब्द आला. 'सांगतात'. मराठीतला हा शब्द किती इमानी आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. तो खोटे बोलत नाही आणि खऱ्याची हमीही घेत नाही. माझी आजी प्रत्येक गोष्टीची सुरुवात त्याच शब्दाने करी. म्हणजे ती शाळेच्या विरुद्ध कधी नव्हतीच, मीच तिला त्या बाजूला बसवले होते. आता फितीत हत्तींपाशी मी 'ऑक्झेंडनने पाहिले' म्हणते, पिलांपाशी 'सांगतात' म्हणते. बाजारपेठेच्या जोत्याशी 'सांगतात', हिरोजीच्या पायरीशी 'वाचा'. वाघ्यापाशी 1936 हे साल सांगते आणि कथा कथेच्या नावाने सांगते. सुरुवातीलाच एक वाक्य घातले आहे, की या आवाजाला तुमच्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. ते काठीवाले वाटाडे देतील, त्यांना गाठा. भाचा म्हणाला, "आत्या, ही आपल्याच मालाची उलटी जाहिरात." असू दे. एका वाक्याने कुणाची चूल पेटत नाही हेही मी जाणते. पण ते वाक्य मी काढू देणार नाही.

राहिले थांबणे. त्यासाठी राजसभेचा तुकडा मी पार पुसून टाकला. त्याला कारण माझे वडील.

मी आठ वर्षांची असताना वडिलांनी मला प्रथम गडावर नेले. तेव्हा रोपवे नव्हता. पहाटे सवहून निघून महाडच्या स्थानकावर, तिथून एस. टी.ने पाचाड आणि पुढे पायऱ्या. 'पोरीला कशाला एवढी तंगडतोड?' असे घरात कुणीतरी म्हणाले होते, म्हणून त्यांनी मला मुद्दाम नेले असावे. वाटेत ते फारसे काही सांगत नसत. राजसभेत आल्यावर त्यांनी मला सिंहासनाच्या चौथऱ्यासमोर उभे केले आणि म्हणाले, "आज तू महाराज. मी फिर्यादी. मुळीच हलायचं नाही." आणि पाठ फिरवून नगारखान्याकडे चालू लागले. मधले अंतर दोनशे फुटांहून जास्त. ते लहान लहान होत गेले. मला भीती वाटली. त्या भल्यामोठ्या दरवाजाखाली ते उभे राहिले, तोंडाशी हात न नेता, ओरडता न ओरडता, नुसते कुजबुजले; आणि ते माझ्या अगदी कानाशी आले :

"महाराज, भूक लागली."

मी किंचाळलेच. "बाबा, मला पण!" आसपासची माणसे हसली. मग आम्ही होळीच्या माळावर बसून भाकरी खाल्ली.

याच सभेत ऑक्झेंडन आला तेव्हा तो दूरच उभा होता. महाराजांचे लक्ष जावे म्हणून त्याच्याबरोबरच्या नारायण शेणवी दुभाष्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली, तिची चमक महाराजांनी पाहिली आणि त्यांना पुढे बोलावले. बिचाऱ्याला कुणी सांगितले नसावे, की इथे नुसते हळू बोलले तरी चालते! तेव्हा सभेवर छप्पर होते, गर्दी होती, गोष्ट वेगळी असेल. पण आज छप्पर नाही, भिंती खचल्या आहेत, आणि तरीही ती जागा आवाज उचलून नेते. हे काही 'सांगतात'मधले नाही. कुणीही जाऊन पाहावे.

तेव्हा आता फितीत राजसभेपाशी माझा आवाज फक्त एवढे म्हणतो, की कानातली बोंडे काढा, सोबतच्या माणसाला सिंहासनाकडे उभे करा, तुम्ही नगारखान्याखाली जा आणि हळू काहीतरी बोला. पुढे दहा मिनिटे फीत कोरी आहे. भाच्याने पुष्कळ वाद घातला. दहा मिनिटे काही ऐकू आले नाही तर लोक फोन बिघडला समजतील, म्हणाला. समजू देत.

हा नवा तुकडा तपासायला मी आणि भाची परत गेलो. या खेपेला मी गुडघ्यांचे ऐकले आणि पहिल्या पाळण्याने गेलो. गर्दी अजून वर पोचली नव्हती. मेघडंबरीसमोरच्या कठड्याशी मी तिला उभे केले. तिथे उभी राहिली तशी ती आपोआप ताठ झाली. मी नगारखान्याकडे निघाले. चालता चालता मनात वाक्य जुळवीत होते. काहीतरी तिला जन्मभर आठवेल असे, राज्याभिषेकाच्या तिथीसह : ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596. दरवाजाखाली पोचले, वळले. ती बोटभर दिसत होती. तोंड उघडले आणि बाहेर पडले ते भलतेच.

"महाराज, भूक लागली."

ती किंचाळली नाही. हल्लीची मुले किंचाळत नाहीत. तिने मान वाकडी करून एकदा माझ्याकडे पाहिले, आणि त्या मोकळ्या सभेतून तिचा आवाज, जागच्या जागी बोलावे तसा, माझ्यापाशी आला :

"डबा तुझ्याचकडे आहे, आत्या."